शिवाजी ब्रिजवरचा फोटो

मी इतिहासाचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जित्याची खोड. समोरच्या बाकावर चार माणसं दिसली की मला वर्ग भरल्यासारखा वाटतो. गेल्या माघात आम्ही दोघं मुलीकडे दिल्लीला निघालो तेव्हाही तेच झालं. मुलगी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, द्वारकेला राहते. ती एसीचं तिकीट काढणार होती. मीच नको म्हटलं. बंद काचेतून देश दिसत नाही, असं काहीतरी तिला ऐटीत सुनावलं. म्हणून मग स्लीपरचा डबा, खिडकीला गज, आणि माझ्या तावडीत सापडलेले सहप्रवासी.

आग्रा आलं तसा मी सुटलोच. पेटाऱ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण माझा जोर नेहमी त्याच्या आधीच्या भागावर असतो. महाराजांनी आधी बरोबरची माणसं परवानगी काढून सुखरूप परत धाडली, मग स्वतः निघाले. ‘गड कोणीही घेईल, माणसं राखायला राजा लागतो,’ हे माझं वाक्य वर्गात कायम चालायचं. डब्यात ते हिंदीतही चाललं. समोरच्या बाकावरचे एक काका मान डोलावत होते. बायको खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवील.

तिच्या हिंदीची मी वाटभर टिंगल करत आलो होतो. “भैया, साखर कमी टाकना,” असं ती चहावाल्याला म्हणाली आणि मी सगळ्यांदेखत हसलो. “तू बोलू नकोस, मी आहे ना,” असंही वर म्हणालो. तिचा फोनसुद्धा माझ्याच खिशात होता, ती तो हरवेल म्हणून. तिनं आजवर एकही फोन हरवलेला नाही. मी दोन हरवलेत.

दिल्लीत शिरताना, नवी दिल्ली स्टेशनच्या अलीकडे, लोकमान्यांच्या आणि महाराजांच्या नावाची लागोपाठ दोन स्टेशनं आहेत. हे मी आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघण्यापूर्वीच जाहीर केलं होतं. आमचे भूगोलाचे सर खवचट. “डोळ्यांनी पाहिलीत, की पुस्तकातच?” असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मग मी फोटो पाठवण्याचं कबूल केलं. कबूल कसलं, पैजच लावली म्हणा ना.

टिळक ब्रिजवरून गाडी न थांबता गेली. माझ्या फोटोत एक खांब आणि कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी आल्या. मी चरफडत बसलो होतो, तेवढ्यात गाडी हळू झाली आणि चक्क थांबली. पुढं फलाट मोकळा नसला की गाड्या इथं खोळंबतात, असं समोरचे काका म्हणाले. बाहेर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत शिवाजी ब्रिज. माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं नाही.

“अहो, नका उतरू. दिल्ली आलीच आता,” बायको म्हणाली.

“एक फोटो गं. हा गेलो आणि हा आलो.”

बूट बाकाखाली होते. पायांत गाडीत वापरायच्या रबरी चपला होत्या, तसाच उतरलो. स्टेशन एवढंसं. बाकावर एक माणूस तोंडावर रुमाल टाकून झोपलेला, दोन कुत्री, आणि खालून रस्त्यावरच्या हॉर्नचा गोंगाट. एवढं मोठं नाव आणि ही कळा, असं मनात येऊन थोडा रागही आला. पाटीच्या पलीकडे जाऊन मी उभा राहिलो. पाटी माझ्यामागं यायला हवी, म्हणून आमच्या डब्याकडे पाठ केली. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले. दुसऱ्यात ‘ब्रिज’ कापलं गेलं. तिसऱ्यासाठी मी हात लांब करून, हनुवटी वर उचलून, छाती काढून उभा राहिलो. या वयात.

भोंगा मी ऐकला होता. दिल्लीत भोंगे वाजतच असतात, असं वाटलं. तिसरा फोटो काढून वळलो तर गाडी चालायला लागली होती.

धावलो. रबरी चपला घालून आणि हे गुडघे घेऊन माणूस जितका धावेल तितका धावलो. दारात उभ्या असलेल्या एका पोरानं हात पुढं केला, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही. शेवटचा डबा निघून गेला आणि फलाटावर मी, कुत्री आणि तो झोपलेला माणूस एवढेच उरलो. आता खिशात एक फोन माझा, एक तिचा. सामान, तिकिटं आणि ती, तिकडे. जिला मी वाटभर बोलू दिलं नव्हतं ती बाई आता बोलल्यावाचून उतरूसुद्धा शकणार नव्हती.

तिचा फोन वाजला. मुलगी होती.

“आई, पोचलात का? मी ट्रॅफिकमध्ये अडकलेय यार, थोडा वेळ लागेल.”

“मी बोलतोय. मी शिवाजी ब्रिजला आहे.”

“ते कुठे आलं?”

“कुठे आलं म्हणजे? दिल्लीत इतकी वर्षं काढलीस आणि महाराजांच्या नावाचं स्टेशन…”

“अच्छा, मिंटो ब्रिज? बाबा, मिंटो ब्रिजला काय करताय तुम्ही? आणि आई कुठेय?”

“मिंटो नाही. शिवाजी ब्रिज म्हण. साहेबाचं नाव जाऊन जमाना झाला आणि तुम्ही लोक अजून…”

“बाबा, आई कुठेय?”

हे मी लिहितोय तेव्हाही माझे कान तापलेत. मुलगी आई कुठेय विचारत होती आणि मी तिचं स्टेशनचं नाव दुरुस्त करत होतो. मग मी सांगितलं की आई गाडीत आहे, पुढं गेली. “तिचा फोन तुमच्याकडे?” एवढं विचारून तिनं फोन ठेवला.

जिना उतरून रस्त्यावर आलो आणि रिक्षा केली. रिक्षावाला फोनवर कोणाला तरी “मिंटो ब्रिज से सवारी मिली है” असं सांगत होता. यावेळी मी गप्प बसलो. रस्ता जवळचा, पण सिग्नल संपेनात. नको नको ते डोळ्यांपुढं येत होतं. ती उतरलीच नाही तर गाडी तिला घेऊन पुढं जाणार, पार जम्मूकडे. उतरली तर एवढं सामान. हमालाला काय सांगेल? मला कुठं शोधेल? देवाला हात जोडले. महाराजांचं नाव घ्यायचा मात्र धीर झाला नाही.

स्टेशनात शिरून, फलाट विचारत विचारत, पुलावरून धापा टाकत उतरलो. ती दिसली. आमचा डबा जिथं थांबला असेल नेमक्या तिथंच, एका खांबाशी, सगळं सामान गोल रचून मधल्या बॅगेवर बसलेली. शेजारी एक सरदारीण होती. दोघी मिळून संत्रं खात होत्या आणि बायको तिला तिच्या त्या हिंदीत काहीतरी सांगत होती आणि ती सरदारीण हसत होती.

मला पाहून बायको उठली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असं फार वाटत होतं. तिनं पिशवीतून माझे बूट काढले आणि माझ्या पायांशी ठेवले.

“आधी बूट घाला. पाय बघा कसे झालेत.”

मी वाकून नाड्या बांधत होतो, तेवढ्यात मुलगी आली. चेहरा लाल झालेला. “काय झालं नक्की? बाबा उतरले कशाला मध्येच?”

माझं तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “अगं, मीच पाठवलं. बाटली रिकामी झाली होती. म्हटलं, गाडी थांबलीय तर पाणी घेऊन या.”

“आई, काय गं तू पण! स्टेशन समोर आलेलं, तेवढं थांबता येत नव्हतं तुला? या वयात बाबांना खाली उतरवतेस? काही झालं असतं म्हणजे?”

“चुकलंच माझं,” बायको म्हणाली.

मी नाडीची गाठ मारत होतो. एक गाठ झाली, तिच्यावर दुसरी मारली. तिच्यावर तिसरी. वर पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हणून वर पाहिलं नाही. टॅक्सीतही मुलगी तिला मधूनमधून बोलत राहिली आणि ती ‘हो, हो’ करत बाहेर बघत राहिली. एकदा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “फोटो नीट आला का हो?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी जेवणाआधी नात येऊन मांडीवर बसली. ती इथंच वाढलेली, दुसरीत आहे. “आजोबा, ती आग्र्यावाली स्टोरी सांगा ना. बॉक्सवाली.”

“पेटारे म्हणायचं,” मी म्हणालो. सवयीनं. मग सुरुवात केली. चौकी-पहारे सांगितले, आजारपणाचं सोंग सांगितलं. सोंगाच्या वेळी ती नेहमीसारखी खोकून दाखवायला लागली. आणि मग तो भाग आला. “महाराजांनी काय केलं, आधी…” एवढं म्हणालो आणि पुढं सरकेचना.

“आधी क्या, आजोबा?”

स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता बायकोनं वाक्य पुरं केलं. “आधी बरोबरची माणसं सुखरूप परत धाडली. मग स्वतः निघाले.” नेहमी मी म्हणतो त्याच चालीवर. मी अडखळलो म्हणून आठवण करून दिली, बस.

मला तिथं बसवेना. मुलगी ताटं मांडत होती. “आईनं पाणी आणायला पाठवलं नव्हतं,” मी तिला म्हणालो. “मी फोटो काढायला उतरलो. ती नको म्हणत होती.” पुढं बोलणं सुचलं नाही, तेव्हा फोन उघडून तिच्यासमोर धरला.

मुलगी फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. “आणि मी सगळा वेळ आईला…” ती म्हणाली आणि थांबली. माझ्या हातातून नातीनं फोन ओढला. या पोरांना फोटो नुसता बघता येत नाही. दोन बोटांनी ताणून मोठा करतात. तिनं माझी हनुवटी मोठी केली, हसली. मग पाटी. मग पाटीच्या मागं, कडेला, उभी गाडी. मी तो फोटो तोपर्यंत धड पाहिलाच नव्हता. माझ्या खांद्याच्या वर, लांबवर, एका खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता. हिरव्या बांगड्यांचा.

“ये देखो, आजीचा हात!” नात ओरडली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाली. “आजी, तू कोणाला टाटा करत होतीस?”

बायकोनं पिठाचे हात पदराला पुसले, चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“टाटा नाही गं,” ती म्हणाली. “हाक मारत होते. ह्यांना ऐकू आली नाही.”