आबांच्या खुर्चीत कोण बसतं

मी एकदा एका खुर्चीच्या पाया पडलो आहे.

मे महिन्यातली दुपार होती. जळगावहून मोटरसायकलवर सावद्याला पोचेपर्यंत डोक्याचा ओला रुमाल वाळून पापडासारखा झाला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. प्रमोदच्या, म्हणजे माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, घराचं दार नुसतं लोटलेलं. तसल्या उन्हातून एकदम आत शिरलं की थोडा वेळ काहीच दिसत नाही. कूलरची घरघर, वाळ्याचा वास, आणि समोर त्याच्या वडिलांची, आबांची खुर्ची एवढंच कळलं. जुन्या सवयीने मी म्हणालो, "राम राम आबा," आणि वाकलो.

खुर्चीतून हळूच आवाज आला, "स्स्स..."

मग आठवलं. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो.

डोळे सरावले तेव्हा खुर्ची रिकामी होती. पण तिची सीट सावकाश वर येत होती. सीटला आमच्या धंद्यात बैठक म्हणतात. फोम चांगला असला की माणूस उठल्यावर बैठक हळूहळू फुगते आणि शिलाईतून हवा आत जाते. तो आवाज त्याचाच. म्हणजे तिथून कोणीतरी आत्ताच उठलं होतं. आतल्या दाराचा पडदा हलत होता, पण तो कूलरनेही हलतो.

"तुम्हालाही दिसले का?"

प्रमोदची बायको वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी अजून अर्धा वाकलेलाच.

"नाही, नाही. पाय बघत होतो," मी म्हणालो. "खुर्चीचे."

जळगावला माझं सोफ्यांचं छोटं दुकान आहे. नवे सोफे लोक आता मोबाइलवर मागवतात, त्यामुळे मी जुन्यांची देखभाल करतो. फोम बदलतो, शिलाई मारतो, लेदर साफ करतो. ही खुर्ची मीच विकलेली, अस्सल लेदरची. आबा केळीचे व्यापारी, उंच माणूस, दारातून मान वाकवून येणारा. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांच्या बोटांचे तपकिरी ठसे होते. केळीचा चीक एकदा लागला की जात नाही, ते मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो होतो.

मागच्या महिन्यात मला बोलावलं होतं ते डोक्याच्या डागासाठी. माणूस तेल लावून मागे टेकतो, लेदर ते तेल पितं आणि तिथे काळपट गोल उमटतो. त्याला पाणी-साबण लावायचा नाही. टाल्कसारखी पावडर जाड थापून रात्रभर ठेवायची. ती तेल ओढून घेते, मग झटकायची आणि परत थापायची. काही लोक चमक यावी म्हणून लेदरवर खोबरेल चोळतात. त्यांच्यामुळेच माझं घर चालतं. तर मी डाग काढला, चहा घेतला आणि स्वतःवर खूश होऊन परत आलो. आठवडाभरात डाग हजर.

प्रमोद बनियनवरच बाहेर आला. "काका, आता शेवटचं. ही म्हणते आबा दुपारचे येऊन बसतात. पोरांना घेऊन माहेरी निघालीय, नशिराबादला. हा डाग पुन्हा आला तर मी खुर्ची भंगारात देणार."

"मी हौसेनं नाही निघाले," वैशाली म्हणाली. "घरात सगळे झोपलेले असतात आणि ही खुर्ची श्वास सोडते. मी ऐकलंय."

तेवढ्यात अक्का, म्हणजे प्रमोदची आई, आतून सूप घेऊन आल्या आणि खुर्चीसमोर चटईवर तांदूळ निवडत बसल्या. आबा असतानाही त्यांची जागा तीच.

मी बैठकीवर हात ठेवला. खोली गार होती, लेदर कोमट. हात पटकन काढून घेतला. मग सगळे बघताहेत म्हणून परत ठेवला.

मग डाग बघितला. आबांचा डाग वर होता. हा त्याच्या वीतभर खाली.

"यात कोण बसतं?" मी विचारलं. हा आमचा नेहमीचा पहिला प्रश्न. डॉक्टर जीभ दाखवा म्हणतात, तसा.

"कोणीच नाही," दोघं एकदम म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गिऱ्हाईक समोर असलं की मला हुशारी सुचते.

"हे आबा नाहीत," मी म्हणालो. "आबा जड होते, त्यांची बैठक मधोमध दबायची. हा माणूस बुटका आहे, हलका आहे आणि बैठक दोन्ही कडांना गुडघ्यांनी दबलीय, म्हणजे मांडी घालून बसतो."

वैशालीच्या हातातला तांब्या कलला. "म्हणजे घरात अजून कोणी आहे?"

मी एक भूत काढायला आलो होतो, आणि दुसरं बसवून ठेवलं.

प्रमोदला केळीची गाडी भरण्याबद्दल फोन आला, तो अंगणात गेला. वैशाली चहा ठेवायला गेली, पण भर दुपारी स्वयंपाकघरातला दिवा लावून. खोलीत मी, कूलर आणि अक्का.

सुपातून मान वर न करता अक्का म्हणाल्या, "भाऊ, मांडी घातल्यानं बी डाग पडतो का?"

मी काही वेळ पावडरचा डबा नुसता उघडत राहिलो.

"नाही अक्का. तेलाने पडतो."

"मंग तेल नही लावत." एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "ते व्हते तवर कधी बसली नही. त्यांच्यासमोर कशी बसू? आता दुपारच्याले सारे निजले की बसते. वरून रस्ता दिसतो, भाऊ. खालून नुस्ते लोकायचे पाय दिसतात. सुनेले सांगू नका. ती म्हनीन, म्हातारीले काय सुचलं."

चहा आला तेव्हा मी भाषण दिलं. जुनं तेल लेदरमधून फोममध्ये उतरतं, उन्हाळा तापला की तेच पुन्हा वर येतं. आवाज फोमचा. बाकी काही नाही. शास्त्र अगदी खरं होतं, फक्त या डागाचं नव्हतं.

"आणि तो बुटका माणूस?" वैशालीने विचारलं.

"तो माझा अंदाज चुकला. तेल खाली ओघळतं."

न केलेली चूक कबूल करायला फार जड जातं. पण प्रमोद हसला, आणि तो हसला म्हणून वैशालीही थोडी सैल झाली. मी डागावर पावडर थापली. ती सकाळी झटकून डोक्याच्या जागी टॉवेल टाकायचा, तो धुवत राहायचा, असं ठरलं. खुर्ची राहिली. वैशालीने माहेरची बॅग रिकामी केली. अक्का तांदूळ निवडत होत्या.

जून लागताना सहज चक्कर टाकली. पोरं घरात हुंदडत होती, वैशालीने हसून पाणी दिलं. ती आत वळल्यावर अक्कांनी मला खुणेनं बोलावलं आणि टॉवेल उचलून दाखवला. खालची जागा कोरी. वर, आबांच्या उंचीला, काळपट गोल.

"मी तेल सोडलं, भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् माझं डोकं तिथवर पोचत नही."

मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. जुनं तेल, फोम, ऊन. आता ते खरंही होतं. निदान असायला हवं होतं. बोलताना माझाच आवाज मला सेल्समनसारखा वाटला.

अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं. टॉवेलची घडी घातली.

"आसीन तसं," त्या म्हणाल्या. "मी बी आता कडेलेच बसते."

यावरून मी एवढंच सांगतो. लेदरच्या खुर्चीला डोक्यापाशी धुता येईल असं कापड टाका, खोबरेल लावू नका, कूलरचा थेट वारा लागू देऊ नका. आणि तिच्यात कोण बसतं, हे चारचौघांत विचारू नका.

घरी आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, तिच्या अंगावर काटा येईल. तिने तव्यावरची भाकरी उलटली, टीव्हीसमोरच्या माझ्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मी आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही गेलात की मी त्या खुर्चीत मधोमध बसणार आहे. तेव्हा उन्हाळ्यात डोकं वर काढायचं नाही."