मुखवटेवाल्यावरून फिसकटलेली सोयरीक

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. शिकलेला, पगारदार, इस्त्रीचे कपडे घालणारा. पण इतका रिकामटेकडा माणूस मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सत्तरच्या दशकात मास्तरकीचं शिक्षण घ्यायला मी मंगरूळपीरला त्यांच्या घरी राहत होते, म्हणून हे सगळं मला रोज बघावं लागलं.

दर हिवाळ्यात गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. शहरात चालून चालून झिजलेले मारधाडीचे सिनेमे तिथं यायचे. त्यांतला मुखवटा घातलेला एक वीर फार चालायचा. तो छातीवर गोळ्या झेलायचा, हातानं आगगाडी थांबवायचा. लोकांना आवडतो म्हटल्यावर जमेल त्या कंपनीनं त्याच्यावर सिनेमा काढला. एकात तो पुरात बुडून मरायचा, दुसऱ्यात त्याचं लग्न व्हायचं. एकात त्याची आई आगीत जळायची, पुढच्यात तीच आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. लोक शिट्ट्या मारून घरी जायचे आणि विसरायचे. भाऊजींना ते जमेना. त्यांचं म्हणणं, हे सारे सिनेमे मिळून एकच दुनिया आहे, फक्त तिचा नकाशा कोणी काढलेला नाही.

तो त्यांनी काढला, ताईनं पांढऱ्या मातीनं पोतलेल्या बैठकीच्या भिंतीवर. वीर पुरात उडी घेतो तिथं दोन वाटा फुटत. बुडाला ती गेरूची लाल रेघ, वाचला ती कोळशाची काळी. लग्न काळ्या रेघेवर, आईचं मरण लालवर. एका सिनेमात हनुमान त्याच्या मदतीला येतो, एवढ्यावरून यांनी झाडून सारे पौराणिक सिनेमेही रेघ ओढून जोडून घेतले. ताई वावर बघत होती, पाणी भरत होती, सासऱ्याचं औषधपाणी करत होती. आणि हा माणूस कचेरीतून आला की हातात कोळसा घेऊन पाटावर उभा.

त्यांचे वडील धम्मदीक्षा घेतलेले. हनुमान पाहून ते भडकले.

"आमी देव घराबाह्यर काढले, अन् तू भिंतीवर आणून राह्यला?"

"बाबा, हे सिनेमातले हायेत."

"मंग तं अजूनच वाईट!"

अशात मला स्थळ आलं. मुलगा मेडशीचा, वाशिमला नोकरीला. पाहुणे येणार म्हणून ताईनं मातीची बादली कालवली, तर भाऊजी भिंतीला पाठ लावून उभे. "पयले मले पोत, मंग भिंत पोत!" ताईनं बादली तशीच उचलून मागं नेली.

रविवारी मुलगा वडिलांसोबत एसटीनं आला. मी नवी साडी नेसून चिवडा आणि चहा घेऊन बाहेर आले, तर मुलगा माझ्याकडं पाठ करून भिंत वाचत होता. मला आधी वाटलं, लाजतो आहे.

"इथं चुकलं तुमचं," तो भाऊजींना म्हणाला. "बुडाला तो बुडालाच. मागून येते तो त्याचा जुळा भाऊ."

"जुळा असता तं मायनं सांगतलं नसतं काय?"

"माय तं जळाली ना!"

"लाल रेघीत जळाली. काळ्या रेघीत जित्ती हाय!"

दोघांचे आवाज चढले. कपातला चहा गार झाला. मुलाचे वडील खाली मान घालून चिवडा खात राहिले. मी काय शिकते, मला काय येतं, हे कोणी विचारलं नाही. शेवटी मला राहवलं नाही.

"ते दोन सिनेमे दोन कंपन्यांचे हायेत. नट येगळा, म्हातारी येगळी. एकाचं पोट सुटेल हाय, दुसऱ्याचं नाई. दिसत नाई काय तुमाले?"

दोघांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग नवरदेव भाऊजींकडं बघून हसला, भाऊजी त्याच्याकडं बघून हसले. घडीभरापूर्वी भांडणारे दोन बाप्ये माझ्यापुरते एक झाले.

"तुमाले यातलं समजत नाई," मुलगा मला म्हणाला. त्या दिवशी तो माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य.

जाताना त्याच्या वडिलांनी मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. भाऊजी खुशीत होते. "डोकं हाय पोराले!" मी नाही म्हणाले. भाऊजींनी "काहून, काहून" करत घर डोक्यावर घेतलं, पण ताईचे म्हातारे सासरे खाटेवरून म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली," आणि विषय मिटला. ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं, ते नकाराचं नव्हतं. चांगली साडी नेसून मी त्या दोघांपुढं कप धरून उभी होते, त्याचं होतं.

पुढच्या रविवारी तो मुलगा परत आला, एकटाच. मला वाटलं, माझं मन वळवायला आला असेल. तो थेट भिंतीपाशी गेला. नंतर तो येतच राहिला. दोघं मिळून जुळ्या भावासाठी तिसरी, निळीची रेघ ओढू लागले. कपड्यांसाठी आणलेली नीळ त्यात संपली.

ताई चुलीवर त्यांच्यासाठी चहा ठेवत म्हणाली, "सोयरीक जमली म्हन. तुही नाई, या दोघायची."

तिच्यासोबत मीही हसले, पण माझा राग गेला नाही आणि मी तो जाऊ दिला नाही. परीक्षा झाली, मला पोहरादेवीकडच्या एका शाळेत नोकरी लागली. वर्गात पाट्या कमी होत्या, पोरं जास्त. बाराखडीपासून सुरुवात करायची होती, आणि मी केली.