चहा येईपर्यंत

आपांकडं बैठकीला गेलं की चहा मुद्दाम उशिरा यायचा. त्यांचा एकच कायदा होता: चहा येईपर्यंत कुणी ‘न्हाय’ म्हणायचं नाही. सुचेल ते बोलायचं, दुसऱ्याच्या बोलण्यात भर घालायची. मोडता घालायचा तो कप हातात आल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्या तरी आपांचा दरारा शाबूत होता. आमच्या गावात तोंड उघडलं की आधी नकार बाहेर पडतो, त्यामुळं पहिल्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललंच नाही.

निमित्त होतं नव्या वस्तीचं. ओढ्याकाठच्या आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं, म्हणून भूमकडं जाणाऱ्या रस्त्याच्या माळावर सगळ्यांना जागा मिळाली होती. आराखडाही आला होता. घरांच्या सरळ रांगा, वहीच्या ओळींसारख्या. ग्रामसभेनं त्याला मान डोलावली की विषय संपला. त्याआधी आपण आपलं गाव मनात तरी बांधून बघू, असं आपा म्हणाल्या.

त्यांनी अंगणात राखेनं माळाची हद्द आखली आणि प्रत्येकाला एकेक चप्पल काढायला लावली. एक चप्पल म्हणजे एक घर. मात्र आपलं घर आपण ठेवायचं नाही, शेजाऱ्याचं ठेवायचं. “स्वतःचं घर मांडताना माणूस फक्त सावली बघतो. दुसऱ्याचं मांडताना त्याला विचारावं लागतं,” त्या म्हणाल्या. दुपारभर विचारपूस, वादावादी, हसणं-खिदळणं करून वस्ती उभी राहिली. मग बैठक संपली आणि ज्यानं त्यानं सवयीनं आपली चप्पल पायात घातली. अंगणात नुसती राख उरली. आपा कपाळाला हात लावून हसत बसल्या. “अरे भाई, वस्ती चालत घरी गेली की,” म्हणाल्या. पुढच्या बैठकीला आम्ही विटांचे तुकडे नेले.

त्या बैठकीत नाना उठले. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले मेंढपाळ, फार कमी बोलणारे.

“ह्यात माझी मेंढरं कुठं बसायची? म्या येत न्हाय. ऱ्हातो हितंच, वड्याला.”

चहा आलेला नव्हता. पण कायद्याची आठवण करून द्यायचं कुणाला सुचलं नाही. नानांना एकट्याला पाण्यात सोडून आम्ही माळावर जायचं, हे कुणाच्याच घशाखाली उतरेना.

आपा शांतपणे म्हणाल्या, “नाना, चहा व्हायचाय अजून. ‘न्हाय’ राहू द्या. कसं पाहिजे ते सांगा.”

नाना हळूच म्हणाले, “कडंला जागा. मेंढरं कोंडायला वाडगं व्हईल येवढी. आन् माळाकडं जायला रुंद वाट, कुणाच्या दारातनं नगं.”

त्यांची वीट मुनीरभाई टेलरच्या हातात होती. “वारं पश्चिमेचं. पूर्वेला ठेवतो, वास बाहेर जाईल,” म्हणत मुनीरभाईनं ती कडेला मांडली. वाटेसाठी बाकीच्यांनी शेजाऱ्यांच्या विटा थोड्या थोड्या सरकवल्या. नानांच्या हातात नेमकी आपांची वीट होती. ती त्यांनी आपल्या वाडग्याला लागूनच ठेवली. “शेरडाचं दूध जवळ पडंल तुमास्नी,” म्हणाले. तेव्हा कुठं आपा चहा टाकायला आत गेल्या.

ग्रामसभेत आम्ही ती मांडणी कागदावर उतरवून नेली. रांगा वाकल्या, नानांना वाट मिळाली. आपा मात्र तिथं राहायला आल्या नाहीत. पाया खणायचं काम चालू होतं आणि त्या गेल्या. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, “अम्मीच्या जागेवर बसत जा सगळे.”

आता बैठक तिथंच भरते, वाडग्याशेजारी. परवा झाडं कुठं लावायची, यावर बसलो होतो. मी सुरुवातीलाच म्हणालो, “ह्या माळावर झाडं जगायची न्हाईत.”

नाना राखेनं हद्द आखत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“चा आला व्हय रं?”