परकारचाचांना पडलेलं एक मत

आमच्या बहारीनच्या मंडळाच्या निवडणुकीत माझ्या बायकोला पाडलं ते मी. एकट्यानं, आणि तिच्या विरोधकाला मत न देता!

मंडळात पक्ष दोनच, ढोलवाले आणि नाटकवाले. गणपतीत ढोल वाजावा की नाटक व्हावं, यावर दर वर्षी अध्यक्ष ठरतो. त्या वर्षी नाटकवाल्यांनी वैशालीला, म्हणजे आमच्या हिला, उभं केलं. तिला खरं तर नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला मुलांसाठी शुक्रवारचा मराठीचा वर्ग हवा होता. आमचा नील मराठी ऐकतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. रत्नागिरीहून आईचा फोन आला की आजी-नातू एकमेकांना ‘हॅलो’ म्हणतात आणि मग दोघंही माझ्याकडे बघत बसतात (आई फोनमधून बघते). वर्गाचा विषय दोन्ही पक्षांनी चार वर्षं ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणत टांगून ठेवला होता. त्यामुळे वैशालीनं कंबर कसली होती, आणि माझं मत तिनं न विचारताच धरलं होतं.

समोर ढोलवाल्यांचा केदार. मी सित्र्याच्या कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर आहे. कंपनीच्या बसमध्ये सावलीच्या बाजूची सीट केदार अकरा वर्षं माझ्यासाठी धरून ठेवतोय. बहारीनच्या जुलैत सावलीची सीट धरणारा माणूस सख्ख्या भावापेक्षा जवळचा असतो! त्यानं बसमध्ये विचारलं आणि मी ‘तुलाच रे’ म्हणून गेलो.

एकीकडे जेवण, दुसरीकडे सावली. पण उमेदवार तीन होते. तिसरे परकारचाचा, मूळचे रत्नागिरीकडचे, हिद्दला दुकान. ते दर वर्षी एकाच मागणीवर उभे राहायचे, की कार्यक्रम पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू करा. असल्या क्रांतिकारक माणसाला मत कोण देणार? त्यांना दर वर्षी एकच मत पडायचं, त्यांचं स्वतःचं.

मी विचार केला, चाचांना मत दिलं तर मी बायकोच्याही विरोधात नाही आणि केदारच्याही. एक मत म्हणजे दर्यात खसखस. अदलिया भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये पडद्यामागे जाऊन मी चाचांच्या नावापुढे टिक केली आणि समाधानानं दोन समोसे खाल्ले.

निकाल लागला. वैशाली एकेचाळीस, केदार एकेचाळीस, चाचा एक. दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, एका चिमुरडीनं एक उचलली आणि केदार अध्यक्ष झाला.

तरी मला घाम फुटला नव्हता. ते एक मत चाचांचंच, असं सगळा हॉल धरून चालला होता. मीही बायकोच्या पाठीवर हात ठेवून ‘नशीब एकेकाचं’ असं म्हणालो (हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं). तेवढ्यात परकारचाचा तिची समजूत घालायला आले.

“वैनी, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले, “मी या खेपेला माझा मत तुम्हालाच दिलेला.”

मग चाचांना पडलेलं ते एक मत कुणाचं? वैशालीनं ती मताची चिठ्ठी मागून घेतली. वीस वर्षं कामावर चेकलिस्ट भरणाऱ्या माणसाचा हात टिक करून थांबत नाही. चिठ्ठीवर टिक होती, टिकेशेजारी माझी सही होती आणि सहीखाली वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

वैशालीनं चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, “वेळ मात्र बरोबर टाकलीस.”

मला खरंच फार वाईट वाटलं. वर्ग आणखी एक वर्ष लांबला. केदारनं सीट धरणं सोडलं, त्यामुळे ते वर्ष मी उन्हात काढलं.

पुढच्या वर्षी वैशाली पुन्हा उभी राहिली. सकाळीच मला हुकूम झाला, “या वेळी सही कर, वेळ टाक. मला चिठ्ठी बघायची आहे.” परकारचाचा उभे नव्हते, कारण त्यांना निवडणूक अधिकारी केलं होतं. त्यामुळे मंडळाच्या इतिहासात प्रथमच सभा चारच्या ठोक्याला सुरू झाली. आणि वेळेच्या शिस्तीला मत दिलेला जगातला एकमेव माणूस तेव्हा अदलियात पार्किंग शोधत होता!

मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. वैशाली स्टेजवर उमेदवारांच्या रांगेत होती. मला बघताच तिनं हवेत सही केल्यासारखं दाखवलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. मी मान डोलावली. इतकी आठवण करून द्यायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी टिक केली, ठसठशीत सही ठोकली आणि वेळ टाकली.

वैशाली सत्तावीस मतांनी निवडून आली. चाचांनी आकडे वाचले आणि शेवटी म्हणाले, “बाद मता, एक. सुरुवातीलाच नियम वाचलेला, सही केलेला मत बाद. हा नियम गेल्या सालीच झाला.” तो कुणामुळे झाला, हे सांगणं त्यांनी सभ्यपणे टाळलं. सगळा हॉल आपणहून माझ्याकडे वळला.

आता वर्ग दर शुक्रवारी भरतो. केदारची मुलगीही येते, त्यामुळे मी पुन्हा सावलीत बसतो. परवा आईचा फोन आला, तेव्हा नीलनं तो माझ्या हातातून घेतला आणि आयुष्यातलं पहिलं सलग मराठी वाक्य तिला ऐकवलं:

“आजी, बाबांनी आईला अजून एकदाही मत दिलेलं नाही.”

उच्चार अगदी स्वच्छ होते.