करून न दाखवलेला शब्द

माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका पडलेला माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा झाला नाही. लोक पडतात ते पाय घसरून. हे पडायचे ते ठरवून, दिवसाढवळ्या, आणि बहुतेक वेळा धुतलेल्या धोतरात. आमच्या गावच्या इंग्रजी शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, आणि जो शब्द अंगातून गेला नाही तो डोक्यात राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्याच शाळेत गणिताला होतो. शेजारच्या वर्गातून धप्पकन आवाज आला की माझी पोरं आनंदानं ओरडायची, "टंबल झाला!" आणि माझं त्रैराशिक तिथंच राहायचं.

बरं, सगळ्या शब्दांवर त्यांची सारखीच माया असती तरी एक वेळ चाललं असतं. बसणं, खाणं, झोपणं असल्या सरळमार्गी क्रियापदांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. जीव जडला होता तो घाईत असलेल्या आणि तोल सुटलेल्या शब्दांवर. स्टंबल, स्टॅगर, लर्च, रील, हर्टल, हॉबल! "जो नीट चालते त्याले एकच शब्द पुरते, भाऊ," ते मला म्हणायचे, "पण ज्याचा तोल जाते त्याच्यासाठी इंग्रजानं पाहा कितीक विचार करून ठेवला!" मी म्हणायचो, अहो, आपल्याकडे काय दुष्काळ पडलाय? धडपडणं आहे, लटपटणं आहे, भेलकांडणं आहे, झोकांडी आहे. ते खूश होऊन सगळं वहीत टिपून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या ओसरीवर हजर. "भेलकांडणं म्हणजे स्टॅगर का रील? काल जेवण गोड लागलं नाही." माझी बायको आतूनच कपाळावर हात मारायची.

या स्टॅगर आणि रीलच्या भांडणापायी एका बाजाराच्या दिवशी तर कहरच झाला. साडभाऊ सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे. पण मोहाची घेऊन घरी निघालेला एक गडी त्यांना दिसला आणि ते वही-पेन्सिल घेऊन त्याच्या मागे लागले. तो थांबला की हे थांबत, तो डावीकडे कलला की हेही डावीकडे कलून पाहत. शेवटी तो बिचारा पाटलाच्या दारात जाऊन रडायला लागला, "मास्तर माह्या मागं मागं कायले चालून राहिला जी? म्या त्याचं काय बिघडवलो?" पाटलानं दोघांच्याही चाली पाहिल्या, दोघांना एका ओळीत बसवलं आणि दोघांनाही लोटाभर ताक पाजलं.

आणि शंकरपट! संक्रांतीनंतर आमच्याकडे गावोगावी बैलजोड्यांच्या शर्यती होतात, त्याला पट म्हणतात. लोक जोडी कोणाची, जिंकलं कोण, हे पाहायला जातात. साडभाऊ हर्टल, म्हणजे बेफाम सुसाट सुटणं, पाहायला जायचे. तो समोरून नीट दिसावा म्हणून एकदा ते धावपट्टीच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. जोडी बिथरली, गाडी तिरपी झाली आणि साडभाऊ छत्रीसकट धानाच्या तणसाच्या ढिगात. लोक हाय हाय करत धावले, तर ढिगातून मुंडकं वर काढून हे म्हणतात, "पहिले हर्टल झालं, मंग स्वर्व! मधी कुठंच थांबलं नाही!" घरी बाईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, गुडघ्याला हळद लावता लावता आम्हाला ऐकवलं, "यायले शब्द पाहिजेत. हातपाय कायले पाहिजेत?"

वर्गालाही त्यांनी हेच वेड लावलं होतं. शाळेच्या ओसरीसमोरून रस्ता जायचा. रस्त्यानं जो कोणी जाईल त्याच्या चालीचा शब्द पोरांनी ओरडायचा आणि ज्याचा बरोबर येईल त्यानं पुढं बसायचं. गाभण म्हैस, मोळीवाली, नवी वहाण चावल्यानं लंगडणारा जावई, कोणाची सुटका नव्हती. हेडमास्तर तर मागच्या दारानं यायला लागले होते. साडभाऊंनी करून दाखवला नाही असा शब्द एकच, टॉटर, म्हणजे थरथरत, लटपटत टाकलेलं पाऊल. पोरं मागे लागली की म्हणायचे, "तो म्हातारपणचा आहे रे. तो करता येत नाही, तो येते. आला का दाखवीन."

हसण्यासारखंच होतं सगळं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. सहा वर्षं झाली तरी त्यांची नोकरी कायम झाली नव्हती. वडिलांचा शब्द मोडून, धानशेतीच्या बांध्या धाकट्या भावाच्या हवाली करून ते मास्तर झाले होते. कायम झाले नाहीत तर पुन्हा नांगर, आणि ती वही माळ्यावर. सगळं त्या वर्षीच्या तपासणीवर येऊन ठेपलं होतं.

तपासणीला गोरा साहेब आला. पेन्शनीला टेकलेला, तब्येतीनं जड. आमगाव टेसनापासून बैलांच्या दमणीत मांडी घालून बसल्यामुळे त्याचे पाय बधिर झाले होते. शाळेसमोर खाली उतरला आणि चार पावलं वेडीवाकडी पडली. ओसरीवर वर्ग हारीनं उभा होता. हेडमास्तरांनी आठ दिवस 'गुड मॉर्निंग' घोकून घेतलं होतं. पण रस्त्यावर चाल दिसल्यावर पोरांना कुठला धीर! "स्टॅगर!" एक ओरडला. "लर्च!" दुसरा. आणि मागच्या रांगेतून एका सुरात, "टॉटर! टॉटर!"

हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेबानं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा कसेबसे म्हणाले, "स्वागत आहे, साहेब." एवढ्यावर निभावत होतं हो! मी साडभाऊंचा कोट मागून गच्च धरला. पण वर्गासमोर चुकीचा शब्द तसाच राहू द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. कोट सोडवून ते पुढे झाले आणि अदबीनं, शुद्ध इंग्रजीत म्हणाले की मुलं आपल्या चालीचा शब्द शोधत होती, पण तिन्ही चुकले. स्टॅगर दारूनं होतो, लर्च एका झटक्यात होतो. पाय बधिर झाल्यावर माणूस करतो ते हॉबल. "आणि टॉटरला साहेबांना अजून पाचेक वर्षं आहेत." एवढ्यावर थांबतील तर ते साडभाऊ कसले? त्यांनी साहेबाची चाल करून दाखवली. हुबेहूब.

साहेब इंग्रजीच्या वर्गात पाऊल न टाकताच गेला. पंधरा दिवसांनी कागद आला. मास्तर मुलांना वडीलधाऱ्यांची थट्टा शिकवतात, सबब कायम करता येत नाही. मी भयंकर चिडलो. "काऊन बोललात, भाऊ? घडीभर चूप राहता येत नव्हतं?" ते वहीची पानं चाळत बसले होते. "पोरायनं चुकीचा शब्द घरी नेला असता ना," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढची तीसेक वर्षं ते बांधीतच राबले. वही काही माळ्यावर गेली नाही. धान रोवण्याच्या चिखलात कोणाचा पाय सटकला की बांधाच्या धुऱ्यावरून आवाज यायचाच, "स्लिदर! स्लिदर म्हणतेत त्याले!" बाया हसायच्या. बाई होत्या तोवर त्याही हसायच्या.

आता जर्मनीची दुसरी लढाईही संपली. परवाच्या पटात झेंडी दाखवण्याचा मान गावानं साडभाऊंना दिला. सत्तरी उलटली आहे. झेंडीची जागा धावपट्टीच्या पल्याड होती, आणि कोणाचा हात न धरता ते काठी टेकत निघाले. एक पाऊल पुढं, मग अंगाचा थरकाप, मग दुसरं. दोन्ही बाजूंना जोड्या घेऊन उभे असलेले निम्मे गडी त्यांचे जुने विद्यार्थी. एवढा गलका चालला होता, तो एकाएकी थांबला. मला त्यांच्या तोंडांवर तो शब्द दिसत होता. माझ्याही तोंडात होता.

साडभाऊ मधोमध थांबले आणि वळून पाहिलं. "काऊन रे, चूप झाले? शब्द विसरले का?"

त्या दिवशी मागच्या रांगेत ओरडणारा एक जण, आता मिशा पिकलेला, म्हणाला, "येते जी, गुर्जी. पण तुमी तो कधी करून दाखवला नव्हता."

साडभाऊ हसले. "बरी याद ठेवलीस! मंग नीट पाहून घ्या रे सगळे. एकडावच दाखवीन."

आणि उरलेली पट्टी त्यांनी तशीच, एकेक पाऊल टाकत पार केली. मी गणिताचा कोरडा माणूस, पण मला रडू आवरलं नाही. पिकल्या मिशांची ती पोरं बैलांचे कासरे धरून वर्गात उभी राहायची तशी सरळ उभी होती. शब्द सगळ्यांना येत होता, ओरडलं मात्र कोणी नाही.