नीतिशास्त्रात पास व्हायची रीत

कौस्तुभ सामंत सर वसईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतात. म्हणजे संगणकवाल्यांनी सचोटीनं कसं वागावं, यंत्राच्या हाती माणसाचं भलंबुरं किती द्यावं, असला विषय. तो त्यांनी स्वतः निवडला नव्हता. विषयांची वाटणी झाली त्या दिवशी सर मेव्हणीच्या लग्नाला कुडाळला गेले होते, आणि गैरहजर माणसाच्या ताटात जे पडतं ते त्यांच्या ताटात पडलं. पुढे मात्र नीती त्यांना चांगलीच मानवली. पगार तोच, प्रयोगशाळेची कटकट नाही, आणि विषय असा की चुकीचं शिकवलं तरी काही जळत नाही की फुटत नाही.

आचोळ्यातल्या त्यांच्या सोसायटीतही सरांना मोठा मान. गणपतीत एका संध्याकाळी ‘मोबाइल आणि आपली मुलं’ यावर त्यांचं भाषण ठरलेलंच. यंत्र हा नोकर आहे, मालक नव्हे, हे वाक्य ते असं काही घोळवून म्हणत की पुढच्या खुर्च्यांवरच्या आज्या माना डोलवत. मग शाल-श्रीफळ घेऊन सर घरी येत आणि उद्या छत्री न्यावी की नाही हे खिडकीबाहेर न बघता फोनला विचारत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, पण हे त्यांना कोण सांगणार? ब्रह्मज्ञान सांगायचं काम सोसायटीनं त्यांच्याकडेच दिलेलं.

मध्यंतरी पोरं यंत्राकडून निबंध लिहून घ्यायला लागली. तेव्हा कॉलेजनं त्यांना पकडणारं दुसरं यंत्र विकत घेतलं. खरेदीच्या समितीवर अर्थातच नीतीचे सर. निबंध त्यात टाकायचा, की तो किती टक्के यंत्रानं लिहिलाय हे ते सांगतं. सरांना हर्ष झाला. आजवर प्रत्येक निबंधाची निदान सुरुवात आणि शेवट तरी वाचावा लागे, आता तेही नको. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटही कॉलेजच्या खर्चानं.

त्या वर्षी सरांनी निबंधाला विषय दिला होता, ‘माणसाबद्दलचा निर्णय एकट्या यंत्राला घेऊ द्यावा का?’ आणि आलेले सगळे निबंध त्यांनी एकट्या यंत्राला तपासू दिले. यात कॉलेजात कुणालाही हसण्यासारखं काही दिसलं नाही.

जवळच्या गास गावातल्या रीमा म्हात्रेचा निबंध यंत्रानं एक्याण्णव टक्के यंत्राचा ठरवला आणि ती नापास झाली. रीमा दहावीपर्यंत मराठी शाळेतली. गावातल्या मार्क सर नावाच्या निवृत्त मास्तरांनी तिचं इंग्रजी घडवलेलं. वाक्य छोटं हवं, शब्द साधा हवा, आणि एक चूक झाली तर अख्खं पान पुन्हा लिहायचं. इतकं स्वच्छ इंग्रजी माणसाचं असूच शकत नाही, असं यंत्राचं मत पडलं. तिच्याच वर्गातल्या मितेशनं निबंध यंत्राकडूनच लिहून घेतला होता. मग तो त्यानं आणखी एका यंत्रातून काढला, माणसं करतात तसल्या चुका त्यात पेरून घ्यायला. तो सोळा आणे माणूस ठरला आणि वर्गात पहिला आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

रीमाला ऐरोलीच्या कंपनीत नोकरी लागली होती, जुलैत रुजू व्हायचं होतं. अट एवढीच की कुठल्याही विषयात नापास नको. ती सरांच्या केबिनमध्ये आली. निबंध मीच लिहिलाय म्हणाली आणि छापील प्रत टेबलावर ठेवली. सरांनी तिला स्क्रीनवरचा लाल आकडा दाखवला.

“तो आकडा कळला, सर. तुम्हाला काय वाटतं?”

सर म्हणाले की मला काय वाटतं याला अर्थ नसतो, मूल्यमापन वस्तुनिष्ठ असावं लागतं. मग वस्तुनिष्ठता म्हणजे काय हे त्यांनी तिला बराच वेळ समजावलं. तेवढ्या वेळात निबंध दोनदा वाचून झाला असता.

तो वाचला गेला महावितरणच्या कृपेनं. रविवारी दुपारी आचोळ्यात वीज गेली, लॅपटॉप मिटला, फोनही मान टाकू लागला, आणि सरांच्या पिशवीत रीमानं दिलेल्या छापील प्रतीशिवाय दुसरं काही वाचायला नव्हतं. रीमानं आपल्या आजीबद्दल लिहिलं होतं. बायजा आजीला नवऱ्यामागे पेन्शन मिळे. त्यासाठी हयातीचा दाखला आता फोनसमोर चेहरा धरून द्यायचा होता. सरकारला तोंड दाखवायचंय म्हणून आजीनं लग्नातलं लुगडं काढलं, केसांत सोनचाफा माळला. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीची पापणी नीट मिटत नसे. तीन वेळा प्रयत्न झाला आणि तिन्ही वेळा फोननं निकाल दिला की समोर जिवंत माणूस नाही. दाखल्याच्या खिडकीवरच्या माणसानं आजीच्या गुडघ्याची चौकशी केली, तिला पाणी दिलं, आणि पेन्शन बंद केली. रीमानं पुढे लिहिलं होतं, आजी जिवंत आहे हे त्याला माहीत होतं, पण तसं म्हणायचं बटण त्याच्यापाशी नव्हतं.

सरांचे डोळे भरून आले. खरंच आले, त्यात ढोंग नव्हतं. हा निबंध कुठल्याही यंत्राचा नाही हे त्यांना लख्ख कळलं. आणि त्यांच्यापाशी तर बटण होतं. परीक्षा विभागाला एक ओळ लिहायची, यंत्र चुकलं, मी न वाचताच नापास केलं.

ही एक ओळ त्यांना काही केल्या लिहवेना. यंत्राची शिफारस त्यांची, वार्षिक अहवालात त्याच्यासोबत फोटो त्यांचा, आणि त्याच यंत्राच्या शब्दावर इतर विभागांतलीही पोरं नापास झालेली. एक धागा ओढला की सगळं उसवणार. संध्याकाळी वीज आली आणि सरांना युक्ती सुचली. सापही मरावा आणि काठीही तुटू नये अशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीमाला वडिलांना घेऊन बोलावलं, निबंध वाचल्याचं सांगितलं आणि तोड सुचवली. तिनं यंत्राची मदत घेतल्याची कबुली द्यायची, माफी मागायची, सर दयाबुद्धीनं शिफारस करणार, आणि निकालात पास. कबुलीचा मसुदाही त्यांनी तयार ठेवला होता. तो मात्र यंत्राकडून लिहून घेतलेला. असल्या किरकोळ कामात स्वतःचा वेळ कोण घालवतो?

रीमानं कागद वाचला. “मी हे केलेलं नाही, सर. आता तुम्ही निबंध वाचलाय. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत असून चालत नाही, बाळ. नोंद लागते.”

तिचे वडील शत्रुघ्न खुर्चीच्या कडेवर बसले होते. फुलांची आणि केळ्यांची वाडी करणारा माणूस, कॉलेजच्या केबिनमध्ये पहिल्यांदाच आलेला. लेक खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण लेकीच्या नोकरीची बातमी त्यांनी अख्ख्या गासभर सांगून ठेवली होती. ते हळूच म्हणाले, “सही कर, बाय. कोन बगतंय?”

रीमानं वडिलांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि सही केली. नीतिशास्त्रात पास व्हायला तिला खोटं लिहून द्यावं लागलं. शत्रुघ्नांनी जाताना राजेळी केळ्यांची फणी टेबलावर ठेवली. सर आधी नको म्हणाले, विद्यार्थ्यांकडून काही घेणं तत्त्वात बसत नाही म्हणाले, मग घरच्या वाडीतली आहेत असं कळल्यावर तत्त्वाला थोडं सरकून बसायला सांगितलं.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला, स्वप्नाला, सगळी हकिगत रंगवून सांगितली. एका गरीब घरच्या मुलीचं आयुष्य कसं सावरलं वगैरे. स्वप्नानं ऐकून घेतलं.

“पण तिनं ते केलं होतं का?”

“तसं तिनं लिहून दिलंय.”

“ते नाही विचारलं मी.”

सर ताटातल्या भाताकडे बघत राहिले. मग म्हणाले की या गोष्टी बाहेरच्या माणसाला समजत नाहीत. स्वप्नानं पुन्हा विचारलं नाही. ती उठून गेली तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. ती लाज दोनेक आठवडे टिकली.

जुलैत नवी बॅच आली. पहिल्याच तासाला सरांनी पडद्यावर रीमाची कबुली लावली. नाव काळजीपूर्वक झाकलं होतं, खासगीपणाबद्दल सर फार जागरूक. एका मुलीनं चूक केली, पण तिनं ती मोठ्या मनानं कबूल केली, असं ते म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, तिनं नक्की केलं होतं ना?

“अर्थात,” सर म्हणाले. या वेळी त्यांना क्षणभरही थांबावं लागलं नाही. आता त्यांना ते खरंच वाटतं.