जुडी संपली का?

रेडिओवरचं बोलणं कसं ऐकावं हे साऱ्या नागपुरात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे, हे मी कुठल्याही समारंभात, कुणी विचारलेलं नसताना सांगतो. लोक नात्यातला कलेक्टर सांगतात, डॉक्टर सांगतात, अमेरिकेतला पुतण्या सांगतात. मी मामाजी सांगतो. इतवारीतल्या एका दुकानात उभ्या उभ्या आयुष्यभर कापड मोजून ते आता सक्करदऱ्याच्या घरी बसले आहेत. बसले आहेत म्हणजे कान टवकारून बसले आहेत. मुलाखत असो, रूपक असो, कुणाच्या आठवणी असोत, जिथे माणूस बोलतो तिथे मामाजींचा कान. गाणं लागलं की ते आवाज बारीक करतात आणि चहा मागतात. "गाणं तं कोणीही ऐकते," असं त्यांचं मत आहे. आता हे सगळं मोबाइलवरही ऐकता येतं म्हणून त्यांनी मोबाइल घेतला, पण तो जुन्या ट्रान्झिस्टरलाच टेकवून ठेवतात. धाकट्यानं थोरल्याजवळ बसून शिकावं, असा काहीसा त्यात हेतू असावा.

पण नुसतं ऐकणारे पुष्कळ असतात. मामाजींची खरी कर्तबगारी दुसऱ्याला ऐकायला लावण्यात आहे. नुसती घोषणा ऐकून त्यांना कार्यक्रमाचा वास लागतो. मग ते फोन घेऊन ओसरीवर येतात आणि ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या आणि चुकून नंबर लागून ओळख झालेल्या अशा सगळ्या श्रोत्यांना वर्दी देतात. कार्यक्रम कशावर आहे हे मात्र ते कधीच सांगत नाहीत. कधी लागणार ते सांगतात, आणि ऐकताना हातात काय घ्यायचं ते सांगतात. "मेथी घेऊन बसा," असं म्हणाले की कार्यक्रम चांगला आहे. "वाटाणे घ्या," म्हणाले की हलकाफुलका आहे, मध्येच उठलात तरी चालेल. तांदूळ निवडायला घेऊन ऐकण्यासारखा कार्यक्रम त्यांनी आजवर एकदाच सांगितला होता. त्या रात्री आमच्या पानात खडे आले आणि मामाजी चुकले नव्हते हे सिद्ध झालं.

धरमपेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच फोनला त्यांना विषय विचारला होता. मामाजी म्हणाले, "म्याडम, विषयच सांगून टाकला तं मंग तुमी ऐकान काय?" बाईंकडे स्वयंपाकाला बाई होती, भाजी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी लोकर आणली. नागपुरात स्वेटर कपाटातून निघतो न निघतो तोच परत आत जातो, पण बाईंच्या आप्तांपैकी आज एकही जण स्वेटरावाचून नाही. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात पाळीवर जाणारा एक बिहारी तरुण आहे, खोलीवर एकटाच राहतो, मराठी शिकायची म्हणून ऐकायला लागला. त्याला मामाजींनी शर्टाची बटणं लावायला सांगितलं. सगळी बटणं लागली. तरी फोन येतच राहिले, तेव्हा तो धडधाकट बटणं उसवून पुन्हा लावायला लागला.

मलाही ह्यातून सूट नाही. विदर्भात जावयाचा मान मोठा असतो. मामाजी मला खुर्ची देतात, मामीजी पाट-रांगोळीचं जेवण देतात, आणि रेडिओवर घोषणा झाली की मामाजी तेवढ्याच अदबीनं "घ्या जवाईबापू" म्हणून माझ्या मांडीवर मेथीची जुडी ठेवतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो. कार्यक्रम आवडला का, असं ते विचारत नाहीत. आवडलाच म्हणतात लोक, त्यात काय कळतं. ते विचारतात, "जुडी संपली का?" संपली म्हटलं की हिरमुसतात. निम्मी राहिली म्हटलं की खुलतात. ह्याचं मूळ त्यांच्या उमरेडच्या घरात आहे. घर विणकरांचं. वडील मागावर, आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला आणि कोनाड्यात रेडिओ. मागाची खटखट एवढी की रेडिओ पुरता मोठा करून लावलेला. वडील कार्यक्रमाविषयी कधी बोलले नाहीत. पण कुणी तरी काही तरी फार मनातलं बोलायला लागलं की माग मंदावायचा. आणि एकदा, कुठल्याशा रेल्वे फाटकावरच्या माणसाची मुलाखत चालू असताना, माग पार थांबला. आडवं सूत नेणारा धोटा हातात तसाच. मामाजी तेव्हा लहान होते. हात थांबवील असा दुसरा कार्यक्रम आपल्याला भेटला नाही, असं ते सांगत.

त्यांचा आणखी एक कायदा होता. नात्यातल्या माणसाची शिफारस करायची नाही. धाकटा भाऊ एकदा संत्र्याच्या बागांवर बोलला, तेव्हा मामाजींनी कुणालाही फोन केला नाही. भावानं बोलणं टाकलं. मामाजी म्हणाले, "आपल्याच घरचं कापड आपणच चांगलं म्हणावं? गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही."

आणि मग गेल्या हिवाळ्यात रेडिओवाले त्यांच्या घरी आले ते मामीजींची मुलाखत घ्यायला. विणकरांच्या घरातल्या बायकांचं काम, असा काही विषय होता. मामाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, उत्तरं तयार ठेवली होती. आलेल्या मुलीनं त्यांना नमस्कार केला, पंखा बंद करायला सांगितला आणि जरा आतल्या खोलीत बसता का, असं विचारलं. ते मुकाट्यानं आत गेले. मामीजी काय बोलल्या ते त्यांना काहीही ऐकू आलं नाही, कारण दार लावायलाही त्या मुलीनंच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी मुलाखत लागणार होती. आठवडाभर आम्ही मामाजींच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. मुख्याध्यापिकाबाईंना नाही, बुटीबोरीला नाही. मामीजी त्यांना काही बोलल्या नाहीत, पण माझ्या बायकोजवळ बोलल्या. "अख्ख्या नागपूरले सांगते हा माणूस. माझ्या वेळेलेच ह्याचा फोन मुका झाला वं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बायको घरी येऊन रडली. मलाही मामाजींचा राग आला. ह्या बाईनं लग्नाआधी माहेरी कांड्या भरल्या, लग्नानंतर सासरी भरल्या, माग बंद पडल्यावर लोकांच्या साड्यांना फॉल लावले. एक फोन करायला काय जात होतं?

रविवारी आम्ही सकाळीच सक्करदऱ्याला गेलो. मामाजी ट्रान्झिस्टरपुढे, मामीजी भिंतीशी. घोषणा झाली तशी मामीजींनी उठून ताट आणलं, त्यात मेथीची जुडी, आणि ते मांडीवर घेऊन खाली मान घालून बसल्या. स्वतःच्या मुलाखतीला त्यांनी स्वतःच मेथी ठरवली होती.

मामाजी उठले. त्यांनी ते ताट उचललं.

"राहू दे वं," ते म्हणाले. "हे हात रिकामे ठेवून ऐकायचं आहे."

"मंग भाजी काय करू?"

"करू नको भाजी."

मामीजींनी हात मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले, मग पुन्हा वर काढले. रिकाम्या हातांचं काय करतात हे त्यांना माहीतच नव्हतं. ताट मामाजींच्या मांडीवर राहिलं.

मुलाखत सुंदर झाली. मामीजी रेडिओवर घरच्यासारख्याच बोलत होत्या, उलट घरी इतकं बोलत नाहीत. शेवटी त्या मुलीनं विचारलं, तुम्ही स्वतः रेडिओ ऐकता का? मामीजी म्हणाल्या, "आमचे हे लोकायले फोनवर सांगत, मेथी घेऊन बसा म्हणून. मले कधी सांगितलं नाही. मी आतून ऐको अन् चुपचाप मेथी घेऊन बसो." मामाजींनी ट्रान्झिस्टरवरची नजर हलवली नाही. माझी छाती मात्र उगाच फुगली होती, जशी काही मुलाखत मीच दिली होती.

तेवढ्यात फोन वाजला. बुटीबोरीचा. "मामाजी, आज आपका एक छूट गया. एक मायची मुलाखत होती. काहून नाही सांगितलं?" ही माय कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मामाजींनी सांगितलंही नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बटणं किती झाली?" आणि मग तिकडचं उत्तर आम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं घोळवून म्हटलं, "एकही नाही? सुई हातातच राहिली?" पाठोपाठ मुख्याध्यापिकाबाई. त्यांचे टाके सुटले होते. मामाजींचा चेहरा असा काही फुलला होता की ओसरीवर ऊन आलं आहे ते त्याच्यामुळेच असं वाटावं.

फोन संपले. मामीजी जाग्यावरच होत्या. "लोकायचं झालं," त्या म्हणाल्या. "तुमाले कशी वाटली ते नाही सांगितलं."

मामाजींनी मांडीवरचं ताट त्यांच्यापुढे धरलं. जुडीचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता. मामीजींनी जुडीकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं आणि ताट घेऊन आत गेल्या. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

हल्ली मामाजींच्या श्रोत्यांतले काही जण मुलांकडे दूर गेले, काहींचे नंबर नुसतेच वाजतात. बुटीबोरीचा तो तरुणही पाटण्याला परतला आहे, पण फोनवर मराठी बोलतो. आमच्या घरी मेथी निवडून, पाकिटातून येते. तरी मी रविवारी मुद्दाम बाजारात जाऊन एक जुडी आणतो आणि रेडिओ लावून बसतो. मामाजींचा फोन आता जरा उशिरा येतो, कारण आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आत सांगतात, आणि मग आम्हाला.